सहावी केमो

"अठ्ठेचाळीस किलो," मगदूम मॅडम म्हणाल्या. "अगदी जमिनीवरून नाही, गुडघ्याच्या उंचीवरून. तिथून उचलायचं, वळायचं आणि शेजारी ठेवायचं. दिवाळीपर्यंत जमेल?"

मी चहाचा कप खाली ठेवला. समोर बसलेल्या बाईंचं वय चोपन्न. मे महिन्यात डावा स्तन काढलेला, त्या बाजूच्या काखेतल्या गाठीही काढलेल्या. आठपैकी दोन केमो झालेल्या. डोक्याला सुती स्कार्फ. मनगटं अशी, की माझ्या दोन बोटांच्या कड्यात सहज मावतील.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"व्यायाम करा म्हणाले. थकवा कमी येतो म्हणे." त्यांनी घडी घातलेला कागद पुढे केला. रोज चालणे, हलका व्यायाम, डाव्या हाताने दोन किलोच्या वर वजन उचलू नये.

"यात दोन किलो लिहिलंय."

"ते आजचं. मी दिवाळीचं विचारतेय."

"पण अठ्ठेचाळीसच का? पंचेचाळीस का नाही?"

"तेवढंच आहे म्हणून," त्या म्हणाल्या आणि माझ्या कपाकडे बघून म्हणाल्या, "चहा निवतोय."

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. मूळची कुरुंदवाडची. आमच्या गावात पोरी लहानपणापासून वेटलिफ्टिंग करतात, तशी मीही केली. राज्यापर्यंत गेले, मग गुडघा गेला, आणि सांगलीतल्या एका जिममध्ये ट्रेनर म्हणून लागले. आजारी माणसाला कधी शिकवलं नव्हतं. मगदूम मॅडम मिरजेच्या पोस्टात होत्या. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना जिमच्या गर्दीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे त्यांनी मालकाला फोन करून घरी येणारी बाई मागितली. मालकानं मला पाठवलं, कारण त्याच्याकडे दुसरी बाई नव्हती.

आमच्या खेळात वजन किती ते विचारतात, कशाला ते विचारत नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, बाईंनी काहीतरी आकडा धरलाय मनात. माणसं धरतात.

आठवड्यातून चार दिवस सकाळी सातला मी विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी जायची. पुढच्या खोलीत आमचा व्यायाम चाले. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. भिंतीवर बोटं चालवत डावा हात वर न्यायचा. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या, नंतर एक लिटरच्या. केमो झाली की पहिले पाच-सहा दिवस फक्त फाटकापर्यंत चालणं. रक्ताचा रिपोर्ट मी मागायच्या आधीच त्या समोर ठेवत.

तक्रार नव्हती. एकदा खुर्चीचा व्यायाम चालू असताना त्या उठल्या, मोरीत जाऊन ओकल्या, चूळ भरून परत आल्या आणि म्हणाल्या, "कितवं चाललं होतं?"

"सातवं. आज राहू दे."

"आठ," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

घरात त्यांचे भाऊ होते, अण्णा. साठीचे, शिरोळकडचे शेतकरी, ऑपरेशन झाल्यापासून बहिणीकडे राहायला आलेले. ते चहा आणून देत आणि आतल्या खोलीत जात. त्या खोलीचं दार कायम लोटलेलं असे. आतून रेडिओ ऐकू येई, कधी अण्णांचं बोलणं. मला वाटे, घरात म्हातारं कोणीतरी अंथरुणावर असेल.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, चौथ्या केमोनंतर दहाव्या दिवशी, मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. फाटक उघडत होते तेवढ्यात आतून काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी धावत आतल्या खोलीत गेले.

मगदूम मॅडम फरशीवर बसल्या होत्या, पाठ खाटेला टेकलेली. त्यांच्या मांडीवर आडवा एक दाढी वाढलेला तरुण. पाय काटकोनात वळलेले, हात छातीशी आखडलेले. शेजारी चाकांची खुर्ची उलटी. दोघांपैकी कोणीही ओरडत नव्हतं.

"लागलं का?" मी विचारलं.

"मला नाही," तो तरुण म्हणाला. "आईला बघा."

त्याचं बोलणं एकेक शब्द ओढून काढल्यासारखं यायचं, मध्ये श्वास अडकायचा. पहिले काही दिवस मला अर्धं कळत नसे. इथे मी ते सरळ लिहिते.

मी त्याच्या काखेखाली एक आणि गुडघ्यांखाली एक हात घातला आणि त्याला खाटेवर ठेवलं. उचलताक्षणीच मला कळलं. वजनाच्या बाबतीत माझे हात चुकत नाहीत. अठ्ठेचाळीस.

हा शीतल, त्यांचा मुलगा. आमच्याकडच्या जैन घरांत शीतल हे मुलाचंही नाव असतं. वय तेवीस. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि हातपाय कायमचे ताठ झाले. डोकं उत्तम. बारावीपर्यंतचा अभ्यास त्यानं घरी बसून केला होता. वडील सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून सकाळी खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, परत खुर्चीत, परत खाटेवर, असं दिवसातून आठ-दहा वेळा त्याला उचलणं हे एकट्या मगदूम मॅडमचं काम होतं.

त्यांचा डावा हात कोपरापर्यंत सुजायला लागला होता. मी तो उशीवर उंच ठेवायला लावला.

"अण्णा कुठं आहेत?"

"गावी गेलाय, संध्याकाळी येतोय. शेजारचा गडी यायचा होता, आला नाही. याला मोरीत न्यायचं होतं."

"मला सांगायचं नाही का तुम्ही? पहिल्याच दिवशी?"

"सांगितलं असतं तर शिकवलं असतंस?"

शिकवलं नसतं.

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की अण्णांना गावी जावं लागणार होतं. त्यांनी बेळगावकडे एक संस्था बघून ठेवली होती. अशी मुलं सांभाळतात, जागा मिळेल म्हणाले होते. अण्णा वाईट माणूस नव्हते. बहिणीचं वय, तिचा आजार, सगळा विचार करून त्यांनी ठरवलं होतं. मॅडमनी एवढंच मागून घेतलं होतं, की दिवाळीपर्यंत थांब. तोवर मी उचलून दाखवलं तर शीतल इथंच राहील.

"डॉक्टरला सांगू नकोस," त्या म्हणाल्या.

"काकू, हाताचं सांगावंच लागेल," मी म्हणाले. त्या दिवसापासून त्या माझ्या काकू झाल्या.

"कोच," शीतल खाटेवरून म्हणाला, "मला कोण विचारणार आहे का?"

"काय विचारायचं?"

"मी लहान असताना उभा राहायचो. पायांना पट्ट्या लावून. बाबा धरायचे."

"नऊ वर्षांचा असताना पडला होता," काकू म्हणाल्या. "हनुवटीला पाच टाके. त्यानंतर बंद केलं. मग मीच उचलत आले."

त्याच आठवड्यात मी मिरजेच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टला घेऊन आले. त्यानं काकूंच्या हाताला सूज उतरायला घट्ट पट्टी दिली आणि मग अर्धा तास शीतलचे पाय तपासले. म्हणाला, ताठपणा आहे, पण ताकद अगदीच गेलेली नाही. चालणार नाही. आधार असेल तर उठून उभा राहू शकेल, वळू शकेल. करून बघा, घाई करू नका, एकट्याला सोडू नका.

मग सकाळी काकूंचा अर्धा तास आणि शीतलचा अर्धा तास, असं सुरू झालं. अण्णांनी खाटेशेजारी भिंतीत लोखंडी दांडी बसवून घेतली. माझा जुना वेटलिफ्टिंगचा पट्टा मी त्याच्या कमरेला बांधला, म्हणजे मागून धरायला सोपं जाई. पहिल्या दिवशी तो नुसता खाटेच्या कडेला पाय सोडून बसला. तेवढ्यानं घामाघूम झाला.

"पुढं वाक," मी सांगायची. "नाक पायाच्या बोटांच्या पुढं आलं पाहिजे. नाक पुढं गेलं की बूड आपोआप हलकं होतं."

"आणि तोंडावर पडलो तर?"

"मी कशाला उभी आहे?"

"तुमचा गुडघा गेलाय म्हणे."

"एकच गेलाय."

काकू दारात उभ्या राहून बघत. जवळ येत नसत. पहिले दहा दिवस त्याचं बूड खाटेवरून हललं नाही. अकराव्या दिवशी वीतभर उचललं गेलं आणि आपटलं. पाचवी केमो झाली. तिच्यानंतर काकूंच्या तोंडात फोड आले, तळपाय बधिर झाले. भिंत धरून चालत. व्यायाम फक्त श्वासाचा. पण शीतलच्या वेळेला दारात हजर.

सप्टेंबरच्या चोवीस तारखेला तो उभा राहिला. उजव्या हातानं दांडी धरलेली, मी मागून पट्टा धरलेला, पण ओढलेला नव्हता. गुडघे वाकलेले, टाचा उचललेल्या, अंग पिंपळपानासारखं थरथरत होतं. मी मोजत होते. बारा सेकंद. मग तो वळला आणि खुर्चीत बसला.

"आई, तू ये," तो म्हणाला. "कोच नको. तू धर."

काकूंनी उजव्या हातानं पट्टा धरला. तो पुन्हा उठला, वळला आणि खाटेवर बसला. काकूंनी एक किलोचंसुद्धा वजन उचललं नव्हतं.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. भाजलेल्या रव्याचा वास आला. केमो सुरू झाल्यापासून फोडणीच्या, तुपाच्या वासानं त्यांना मळमळायचं, अण्णाच स्वयंपाक करायचे. त्या दिवशी त्यांनी शिरा केला, आम्हा तिघांना वाढला, स्वतः दोन चमचे खाल्ला. अण्णांचे डोळे भरून आले होते.

"अण्णा," काकू म्हणाल्या, "त्या संस्थेला नको म्हणून कळव."

"व्हय, कळवतो," अण्णा म्हणाले. "आता कशाला लागतीया ती."

त्या सकाळी मी सायकलवरून परत येताना फार खूश होते. जिल्ह्याचं पहिलं पदक मिळालं तेव्हा झाले होते, तेवढी.

सहावी केमो अठ्ठावीस तारखेला होती. सकाळी नऊला मिरजेत पोचायचं. अण्णांना आदल्या दिवशी गावी जावं लागलं होतं, म्हणून दिवसभर शीतलजवळ मी थांबायचं ठरलं होतं. पोस्टातली एक मैत्रीण दवाखान्यात काकूंसोबत बसणार होती. आठला मी गेले तेव्हा काकू गाऊनवर होत्या. पिशवी भरलेली नव्हती.

"आवरलं नाही अजून?"

"मी जाणार नाही."

"ताप आहे का? रिपोर्ट खराब आला?"

"रिपोर्ट चांगला आहे. बस." त्यांनी मला खुर्ची दाखवली. आवाज नेहमीसारखाच, पोस्टाच्या खिडकीतून बोलावं तसा. "आता पुढच्या घ्यायच्या नाहीत. काल फोन करून त्यांना सांगितलंय."

"का पण?"

"मी कशासाठी घेत होते, यास्मिन? याला उचलायला कोणीतरी पाहिजे होतं. दुसरं कोणी उचललं नसतं. आता उचलायचं नाहीये. धरायचंय नुसतं. अण्णा धरेल, पगारी बाई धरेल, कोणीही धरेल. तू शिकवलंस. माझं काम झालं."

"डॉक्टर म्हणाले होते, पूर्ण केल्या तर..."

"शंभरात किती, ते पण सांगितलंय त्यांनी. मी ऐकलंय." त्यांनी पाय पुढे घेतले. "या पायांना फरशी लागत नाही मला. पाणी प्यायलं तरी तोंड जळतं. त्याच्यासाठी होतं तोवर केलं. आता माझ्या एकटीसाठी मला नको."

 माझ्याकडे जी काही उत्तरं होती ती सगळी व्यायामाची होती. आणि ज्या गोष्टीची मी चार दिवस मनात मिरवणूक काढत होते, तिच्यामुळेच हे झालं होतं.

काकू उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले. दार उघडंच होतं. शीतलनं सगळं ऐकलं होतं. तो खाटेवर बसलेला, पाय खाली सोडलेले.

"चल, ऊठ," काकू म्हणाल्या. पट्टा बांधला आणि उजव्या हातानं धरला. "चहा घ्यायचाय ना?"

तो हलला नाही.

"ऊठ की."

"पाय गेले माझे."

"काल होते की."

"आज नाहीत."

"नाटकं करू नकोस, शीतल."

"तू दवाखान्यात जा. मग येतील पाय."

काकूंनी पट्टा सोडला. क्षणभर मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू उचल गं याला. खुर्चीत ठेव."

त्याला उचलणं मला दोन श्वासांचं काम होतं. शीतलनं माझ्याकडे बघितलं.

"मी नाही उचलणार," मी म्हणाले.

"काय?"

"नाही उचलणार, काकू."

"मग जा घरी." 

मी गेले नाही. काकू वाकल्या आणि दोन्ही हात त्याच्या काखेखाली घातले. मी पुढे झाले, पण थांबले. त्यांनी जोर लावला. शीतलनं मान टाकली, अंग ढिलं सोडलं, मागं रेलला. ज्याला उठायचं नाही असं जिवंत माणूस लोखंडापेक्षा जड असतं. काकूंनी एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ओढलं. मग डावा हात गळून पडला आणि त्या खाटेवर त्याच्या शेजारी बसल्या. दम लागला होता. स्कार्फ मागे सरकला होता.

 नऊ वाजून गेले. साडेनऊ वाजले. काकूंच्या मोबाइलवर त्या मैत्रिणीचा फोन वाजला आणि बंद झाला.

"तू जबरदस्ती करायलास माझ्यावर," काकू अखेर म्हणाल्या.

"तू मला तेवीस वर्षं उचललंस. कधी विचारलंस का, उचलू का म्हणून?"

"लहान होतास."

"तेवीस वर्षं?"

 दहा वाजले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, गुडघा दुखायला लागला तशी खाली फरशीवर बसले.

"तुला माहितीये का ते औषध आत गेल्यावर काय होतं?" काकूंनी विचारलं. आता आवाज तसा राहिला नव्हता.

"नाही माहिती."

"मग?"

शीतलला पुढचं वाक्य बोलायला फार वेळ लागला. दोनदा अडकला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काकूंनी नेहमीसारखं मध्ये शब्द पुरवला नाही.

"मी उभा राहिलो ते तू सुटावीस म्हणून नाही. तू बघावंस म्हणून राहिलो. बघायला कोण नसेल तर मी इथंच बसतो. मला काय, सवय आहे."

काकू समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पदर नसलेल्या गाऊनचं टोक नुसतं चिमटीत धरलं आणि सोडलं. मग उठल्या, भिंत धरत बाहेरच्या खोलीत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. थोड्या वेळानं फोनवर बोलणं ऐकू आलं, "मी मगदूम बोलतेय. काल नको म्हणून सांगितलं होतं. आज उशिरा आले तर चालेल का?"

पावणेअकराला त्या साडी नेसून, स्कार्फ नीट बांधून दारात आल्या.

"परत आल्यावर तरी उठशील?"

"आल्यावर बघू," शीतल म्हणाला.

मी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. रिक्षात बसताना त्या मला म्हणाल्या, "त्याला अकरापर्यंत काहीतरी खायला घाल. पोहे भिजवून ठेवलेत."  त्या दिवसाबद्दल पुढे आम्ही कधी बोललो नाही.

उरलेल्या दोन्ही त्यांनी घेतल्या. आठवी झाली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि अण्णा गावी परतले होते. काकू पुन्हा पोस्टात रुजू झाल्या, साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या. नंतर दुखणं हाडांत उलटलं आणि तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. म्हणजे त्या सकाळनंतर आठ वर्षं. शीतल त्याच घरात राहतो. सकाळ-संध्याकाळ एक गडी येतो, पट्टा धरतो. दुपारी शेजारपाजारचे लोक त्यांचे सरकारी अर्ज घेऊन येतात आणि तो ते एका बोटानं कॉम्प्युटरवर भरून देतो. अण्णांचा मुलगा आठवड्याला चक्कर मारतो. मीही जाते, सवड मिळाली की.

त्या दिवशी मात्र रिक्षा गेली तरी मी फाटकापाशी थोडी उभी राहिले. ती कोपऱ्यावर वळली, आवाज कमी कमी होत थांबला. मी आत आले. शीतल खाटेच्या अगदी कडेला सरकून बसला होता. नाक बोटांच्या कितीतरी पुढे, दांडी घट्ट धरलेली, कपाळावर घाम.

"गेली का?"

"गेली."

"नक्की वळली रिक्षा?"

"वळली. का रे?"

"मग लवकर पट्टा धरा, कोच," तो म्हणाला. "सात वाजल्यापासून मला मोरीत जायचंय."